विवर्तन ग्रेटिंगचं सिम्युलेशन: आधी कागदावरचा आकडा, मग पडद्यावरचं चित्र

विवर्तन ग्रेटिंग म्हणजे समान अंतरावर बारीक रेघा असलेला पृष्ठभाग; तो प्रकाशाला ठराविक कोनांत वाटतो. ऑप्टिक्सच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ग्रेटिंग टाकून बटण दाबलं की काहीतरी चित्र येतंच. ठिपक्यांची देखणी रांग येते, नाहीतर रंगीत पट्टा येतो. पण चित्र आलं म्हणून ते बरोबर आहे असं नाही. सॅम्पल कमी घेतले, कोनाचं चिन्ह उलटं पडलं किंवा मुळात पद्धतच चुकीची निवडली, तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. तितकंच सुबक, पण चुकीचं चित्र काढून देतं. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यावर हाताने काढता येणारा एक आकडा दिला आहे. सॉफ्टवेअरचं उत्तर त्या आकड्याशी जुळलं तरच पुढे जायचं.

आधी प्रश्न ठरवा

ग्रेटिंगबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. प्रकाश कोणत्या कोनात जाईल? पडद्यावर किंवा ग्रेटिंगच्या जवळ नक्षी कशी दिसेल? आणि कोणत्या ऑर्डरमध्ये, म्हणजे त्या ठराविक कोनांतल्या कोणत्या शाखेत, किती ऊर्जा जाईल? पहिल्या प्रश्नाला किरण-मागोवा, म्हणजे रे ट्रेसिंग पुरतं. दुसऱ्याला अदिश तरंग सिद्धांत (प्रकाशाचं ध्रुवीकरण न धरणारा) आणि फूरिये रूपांतर लागतं. तिसऱ्याचं उत्तर, खाचा तरंगलांबीच्या तुलनेत मोठ्या आणि उथळ असतील तर अदिश सिद्धांत देतो. पिरियड (दोन रेघांमधलं अंतर) तरंगलांबीच्या दहापटीच्या आत आला की मात्र मॅक्सवेलची समीकरणं पूर्णपणे सोडवण्याला पर्याय नाही. दहापट ही काही कडेकोट सीमा नाही. खाच खोल असेल किंवा धातूची असेल तर त्याआधीच अदिश उत्तर घसरू लागतं.

बहुतेक गोंधळ इथेच होतो. किरण-मागोव्याच्या फाइलमधून कार्यक्षमता, म्हणजे एका ऑर्डरला मिळणारा ऊर्जेचा वाटा, वाचायला गेलं तर जो आकडा मिळतो त्याला अर्थ नसतो. तिथे निवडलेल्या एकाच ऑर्डरला सगळी ऊर्जा दिलेली असते.

कागदावरचा हिशेब

उदाहरण म्हणून मिलिमीटरला ६०० रेघा असलेलं पारगामी (प्रकाश आरपार जाऊ देणारं) ग्रेटिंग आणि ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेझर घेऊ. पिरियड म्हणजे एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचं अंतर: १ ÷ ६०० मिलिमीटर, म्हणजे १.६६६७ मायक्रोमीटर. प्रकाश लंब पडत असेल तर समीकरण अगदी सोपं आहे:

साइन (विवर्तन कोन) = ऑर्डर × तरंगलांबी ÷ पिरियड

पहिल्या ऑर्डरसाठी साइन ०.३७९७ येतो, म्हणजे कोन २२.३१ अंश. दुसऱ्यासाठी ०.७५९४, म्हणजे ४९.४१ अंश. तिसऱ्यासाठी १.१३९ येतो. साइन एकाच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून हवेत तिसरी ऑर्डर नाही. शून्य धरून एकूण पाच ऑर्डर झाल्या.

आता हेच ग्रेटिंग फ्यूज्ड सिलिकाच्या पृष्ठभागावर कोरलेलं आहे आणि प्रकाश हवेतून काचेत शिरतो आहे असं समजा. या तरंगलांबीला तिचा अपवर्तनांक १.४५७ आहे. काचेच्या आत १.१३९ ला १.४५७ ने भागायचं: ०.७८१७, म्हणजे ५१.४ अंश. म्हणजे काचेत तिसरी ऑर्डर आहे! चौथीसाठी भागाकार १.०४ येतो, म्हणून ती नाही. काचेत सात ऑर्डर, हवेत पाच. मागची बाजू सपाट आणि समांतर असेल तर तिसरी ऑर्डर पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन आतच अडकते. सॉफ्टवेअरने पारगामी बाजूला सात ऑर्डर दाखवल्या की अनेकजण बुचकळ्यात पडतात. ते आकडे काचेच्या आतले असतात, एवढंच.

प्रकाश तिरपा पडत असेल तर डाव्या बाजूला विवर्तन कोनाच्या साइनमधून आपतन कोनाचा साइन वजा करायचा. चिन्हाचा संकेत प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा असतो. तो मॅन्युअलमध्ये शोधत बसण्यापेक्षा लिट्रो स्थिती तपासावी. या स्थितीत प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो. मिलिमीटरला १२०० रेघा, ५०० नॅनोमीटर, पहिली ऑर्डर: दोनदा पिरियड गुणिले साइन म्हणजे तरंगलांबी, म्हणून साइन ०.३ आणि कोन १७.४६ अंश. एवढा कोन देऊन किरण मागे वळला नाही तर ऑर्डरचं चिन्ह बदला.

किरणांचा मार्ग

ऑप्टिकस्टुडिओ या रे ट्रेसिंगच्या सॉफ्टवेअरच्या सिक्वेन्शियल मोडमध्ये हे काम पाच मिनिटांचं आहे. लेन्स डेटा एडिटरमध्ये पृष्ठभागाचा प्रकार ‘डिफ्रॅक्शन ग्रेटिंग’ करा. दोन रकाने भरायचे असतात: रेघांची घनता आणि ऑर्डर. घनता प्रति मायक्रोमीटर मागितलेली असते, प्रति मिलिमीटर नाही; म्हणून ६०० च्या जागी ०.६ लिहायचं. ६०० लिहिलं तर एकही किरण पुढे जाणार नाही आणि एरर येईल. रेघा स्थानिक एक्स अक्षाला समांतर धरलेल्या असतात, म्हणजे प्रकाश वाय-झेड प्रतलात पसरतो. परावर्ती ग्रेटिंग हवं असेल तर मटेरियलच्या रकान्यात ‘मिरर’ लिहा.

पुढचं भिंग विवर्तित किरणाच्या दिशेने वळवण्यासाठी ग्रेटिंगनंतर एक कोऑर्डिनेट ब्रेक (अक्ष वळवणारा काल्पनिक पृष्ठभाग) घाला आणि त्याच्या टिल्टवर ‘चीफ रे’ सॉल्व्ह लावा, म्हणजे तो कोन मुख्य किरणावरून आपोआप ठरेल. कोन हाताने टाइप केला तर तरंगलांबी बदलताच सगळी मांडणी हलते. अनेक ऑर्डर एकत्र दाखवायच्या असतील तर मल्टी-कॉन्फिगरेशनमध्ये ऑर्डरचा पॅरामीटर बदलत न्या. शेवटी २२.३१ आणि ४९.४१ हे दोन्ही कोन मिळतात का ते पाहा. ऑर्डर ३ दिली की किरण तुटायला हवा, आणि तो तुटला तर ते बरोबरच आहे.

नक्षी घडवणं

माझ्या मते ग्रेटिंग खऱ्या अर्थाने समजतं ते इथे. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पायथॉन आणि नमपाय पुरे. तयार साधनं हवी असतील तर लाइटपाइप्स आहे, आणि मॅटलॅबमध्येही हेच सगळं करता येतं. इथे मुद्दाम मोठा पिरियड घेऊ, २० मायक्रोमीटर, म्हणजे अदिश सिद्धांत निर्धास्त वापरता येईल.

पहिलं काम जाळीचं, म्हणजे सॅम्पलच्या मांडणीचं. सॅम्पलमधलं अंतर आधी ठरवून मग त्यात पिरियड बसवायला जाऊ नका. पिरियडवरून अंतर ठरवा. २० मायक्रोमीटरचे १६ भाग केले की सॅम्पलमधलं अंतर १.२५ मायक्रोमीटर होतं. एकूण २०४८ सॅम्पल घेतले तर खिडकी, म्हणजे हिशेबात धरलेली एकूण रुंदी, २.५६ मिलिमीटरची, आणि तिच्यात बरोबर १२८ पिरियड बसतात. हे पूर्णांक असणं फार महत्त्वाचं आहे. एका पिरियडमध्ये १५.७ सॅम्पल आले तर रेघेच्या कडा कधी अलीकडच्या, कधी पलीकडच्या सॅम्पलवर जाऊन बसतात. काही रेघा आठ सॅम्पलच्या, काही सातच्या होतात आणि स्पेक्ट्रममध्ये ऑर्डरच्या मधोमध बारीक भुतं उगवतात. ती ग्रेटिंगची नसतात, जाळीची असतात. पूर्णांक जमवणं शक्यच नसेल तर कडेवरच्या सॅम्पलला तो जितका झाकला गेला असेल तितकी अपूर्णांक किंमत द्या.

दुसरं काम मास्कचं. प्रत्येक पिरियडमधल्या पहिल्या आठ सॅम्पलना १ आणि उरलेल्या आठांना ० दिलं की निम्मी उघडी, निम्मी बंद अशी अँप्लिट्यूड ग्रेटिंग तयार होते. फेज ग्रेटिंगसाठी (जी प्रकाश अडवत नाही, फक्त तरंग मागे-पुढे सरकवते) ० आणि १ च्या जागी फेज ० आणि पाय (π, म्हणजे अर्धा तरंग) वापरा, म्हणजे मास्कच्या किमती +१ आणि −१ होतात. प्रत्यक्षात ही फेज काचेतल्या खाचेने मिळते. खोली काढायची तर तरंगलांबीला (अपवर्तनांक वजा १) च्या दुपटीने भागा: फ्यूज्ड सिलिकात ०.६९२ मायक्रोमीटर.

तिसरं काम फूरिये रूपांतराचं. एफएफटी (हे रूपांतर झटपट काढणारं गणित) घ्या, शून्य ऑर्डर मध्यभागी यावी म्हणून एफएफटीशिफ्ट करा, निरपेक्ष किमतीचा वर्ग करा आणि एकूण सॅम्पलच्या वर्गाने भागा. आता ऑर्डर पडते त्या प्रत्येक खणातला (एफएफटीच्या बिंदूवरचा) आकडा म्हणजे थेट त्या ऑर्डरची कार्यक्षमता. खिडकी २.५६ मिलिमीटरची असल्याने पहिली ऑर्डर मध्यापासून बरोबर १२८ व्या खणात येते, दुसरी २५६ व्या खणात. तसं नसेल तर पुढे जाऊ नका.

अपेक्षित आकडे असे. अँप्लिट्यूड ग्रेटिंगमध्ये शून्य ऑर्डर २५ टक्के, प्लस-मायनस पहिली प्रत्येकी १०.१३ टक्के, सगळ्या सम ऑर्डर शून्य, तिसरी १.१३ टक्के. पाय फेजच्या ग्रेटिंगमध्ये शून्य ऑर्डर पूर्ण नाहीशी होते आणि पहिल्या दोन प्रत्येकी ४०.५ टक्क्यांवर जातात.

पण १६ सॅम्पलच्या जाळीवर अँप्लिट्यूड ग्रेटिंगची पहिली ऑर्डर १०.१३ येत नाही, १०.२६ येते. तिसरी १.१३ ऐवजी १.२७ येते, म्हणजे बारा टक्क्यांहून जास्त फरक. कोडमध्ये चूक नाही. एफएफटी सलग रेघ पाहत नाही, ठिपके पाहते, आणि ऑर्डर जितकी वरची तितके ठिपके विरळ ठरतात. पिरियडला ६४ सॅम्पल दिले की पहिली १०.१४ आणि तिसरी १.१३ वर येते. वरच्या ऑर्डरचे आकडे कुणाला द्यायचे असतील तर सॅम्पल दुप्पट करून पाहा; आकडा हलत असेल तर अजून वाढवा.

याच कारणाने ब्लेझ्ड ग्रेटिंग, म्हणजे करवतीच्या दातांसारखी फेज, जपून तपासावी लागते. प्रत्येक पिरियडमध्ये फेज शून्यापासून दोन पायपर्यंत सरळ चढवली की एफएफटी पहिल्या ऑर्डरला पूर्ण १०० टक्के दाखवते, मग सॅम्पल १६ असोत की ६४. आदर्श उतारासाठी ते खरंही आहे. पण १६ सॅम्पल म्हणजे १६ पायऱ्या असं समजून हे चित्र कारखान्याकडे पाठवलं तर गफलत होईल. खरोखर १६ पायऱ्या कोरल्या तर अदिश सिद्धांताने ९८.७ टक्केच मिळतात, आठ पायऱ्यांना ९५, चारांना ८१. पायऱ्यांचं ग्रेटिंग तपासायचं असेल तर प्रत्येक पायरीला स्वतःचे अनेक सॅम्पल द्या. ६४ सॅम्पलमध्ये चार पायऱ्या म्हणजे प्रत्येकीला १६.

आतापर्यंत प्रत्येक ऑर्डर एकाच खणात सुईसारखी उभी दिसेल, कारण एफएफटी आपली खिडकी दोन्ही बाजूंना अनंत वेळा पुन्हा मांडलेली धरते. खऱ्या ग्रेटिंगला कडा असतात. त्या दाखवण्यासाठी मास्कच्या भोवती शून्यं भरा, खिडकी चौपट किंवा आठपट करा. मग प्रत्येक मुख्य शिखराला रुंदी येते आणि शेजारी लहान शिखरं दिसतात. त्यातलं पहिलं मुख्य शिखराच्या सुमारे ४.७ टक्के उंचीचं असतं. साध्या पट्टीवर ती दिसणार नाहीत, उभा अक्ष लॉगरिदमिक करा. शून्यं भरल्यानंतर कार्यक्षमता एका खणातून वाचायची नाही. शिखराभोवतीच्या खणांची बेरीज घ्यायची आणि आपाती ऊर्जेने भागायचं. लेझरचं बीम गॉसियन (मध्ये तीव्र, कडेला हळूहळू विरणारं) असेल तर मास्कला त्या आकाराने गुणा. शेजारची शिखरं जवळजवळ नाहीशी होतील.

हे चित्र दूरक्षेत्राचं आहे, आणि ‘दूर’ म्हणजे किती ते काढून पाहावं. २.५६ मिलिमीटरचा वर्ग भागिले तरंगलांबी: दहा मीटरहून जास्त. म्हणजे पडदा एक मीटरवर ठेवून एफएफटीचं चित्र लावणं चूक आहे. प्रयोगशाळेत यासाठीच भिंग वापरतात. २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाच्या नाभीय प्रतलात पहिली ऑर्डर मध्यापासून ६.३३ मिलिमीटरवर पडते. सिम्युलेशनमध्येही आडवा अक्ष तसाच लिहा.

ग्रेटिंगच्या अगदी जवळचं क्षेत्र हवं असेल तर अँग्युलर स्पेक्ट्रम पद्धत (क्षेत्र वेगवेगळ्या कोनांच्या तरंगांत फोडून पुढे नेणारी) वापरा, आणि तिथे एक सुरेख चाचणी हाताशी आहे. १८३६ मध्ये टॅलबट यांना दिसलं की ग्रेटिंगची प्रतिमा भिंगाशिवायच ठराविक अंतरावर पुन्हा उमटते. रेले यांनी १८८१ मध्ये त्या अंतराचं सूत्र दिलं. पिरियडच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी: आपल्या ग्रेटिंगसाठी १.२६४ मिलिमीटर. त्याच्या निम्म्या अंतरावर तीच नक्षी अर्धा पिरियड सरकलेली दिसते. अंतर शून्यापासून १.२६४ पर्यंत बारीक टप्प्यांनी वाढवत प्रत्येक वेळची तीव्रता एकाखाली एक रचली की गालिचासारखी नक्षी तयार होते. कडा थोड्या पसरलेल्या दिसतील. सूत्र लहान कोनांसाठी आहे आणि वरच्या ऑर्डर त्या अंतरावर नेमक्या फेजमध्ये येत नाहीत, म्हणून तसं होतं. उलट कडा अगदी जशाच्या तशा धारदार आल्या तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये फ्रेनेलचं लहान कोनांचं अंदाजे सूत्र वापरलं जात आहे असं समजा.

नक्षीची अखेरची चाचणी सोडियमची. त्याच्या दोन पिवळ्या रेषा ५८८.९९५ आणि ५८९.५९२ नॅनोमीटरवर आहेत. ग्रेटिंगची विभेदनक्षमता म्हणजे ऑर्डर गुणिले उजळलेल्या रेघांची संख्या, आणि या दोन रेषा वेगळ्या दिसायला ती सुमारे ९८७ हवी. एकमितीय मास्क घ्या, आधी ५१२ पिरियडचा, मग १०२४ चा, दोन्हींना शून्यं भरा. दोन्ही तरंगलांब्यांची तीव्रता वेगवेगळी काढून बेरीज करा. क्षेत्रांची बेरीज करू नका, कारण या दोन प्रकाशांमध्ये स्थिर फेजसंबंध नसतो. एफएफटीच्या अक्षावर दोन्ही शिखरं एकाच जागी येतात, कारण तो अक्ष ग्रेटिंगच्या अवकाशीय वारंवारतेचा आहे, कोनाचा नाही. प्रत्येक अक्षाला त्या-त्या तरंगलांबीने गुणलं की साइन मिळतो, आणि तेव्हाच शिखरं सरकतात. समान कोन-अक्षावर आणून बेरीज केली की पहिल्या ऑर्डरमध्ये ५१२ पिरियडला एकच जाड शिखर दिसेल, १०२४ ला मधोमध खाच पडेल.

ऊर्जा नेमकी किती

आता मिलिमीटरला ६०० रेघांच्या ग्रेटिंगकडे परत. पिरियड तरंगलांबीच्या तिप्पटही नाही, म्हणून ४०.५ टक्क्यांवर विश्वास ठेवता येत नाही. इथे आरसीडब्ल्यूए (रिगरस कपल्ड-वेव्ह अ‍ॅनालिसिस, म्हणजे मॅक्सवेलची समीकरणं फूरिये घटकांत सोडवणारी पद्धत) वापरायचं, जे मोहरम आणि गेलॉर्ड यांनी १९८१ मध्ये मांडलं. मोफत साधनांत एस-फोर आणि मॅटलॅबसाठी रेटिकोलो आहेत.

एकच पिरियड रेखाटायचा. वर हवा, मध्ये खाचांचा थर, खाली काच. उतार असेल तर तो पातळ आडव्या थरांत चिरायचा. मग तरंगलांबी, आपतन कोन आणि ध्रुवीकरण द्यायचं: टीई म्हणजे विद्युत क्षेत्र रेघांना समांतर, टीएम म्हणजे लंब. अध्रुवित प्रकाशासाठी दोन्ही काढून सरासरी घ्या. काही साधनं ऑर्डरच्या कार्यक्षमतेऐवजी नुसते अँप्लिट्यूड देतात. तसं असेल तर वर्ग करून थांबू नका. ग्रेटिंगला लंब दिशेतला त्या ऑर्डरचा तरंगसदिश (तरंगाची दिशा दाखवणारा सदिश) घटक भागिले आपाती प्रकाशाचा तोच घटक, या गुणोत्तराने गुणावं लागतं. ते विसरलं की बेरीज शंभराला जुळत नाही.

सुरुवात खाचेची खोली शून्य ठेवून करा. मग ते फक्त काचेचं पृष्ठ उरतं आणि परावर्तन फ्रेनेलच्या सूत्राप्रमाणे ३.४६ टक्के यायला हवं. ते जुळलं की खोली द्या.

पुढे सगळ्यात फसवा मुद्दा येतो. शोषण नसलेल्या ग्रेटिंगमध्ये परावर्तित आणि पारगामी ऊर्जेची बेरीज १०० टक्के आली की लोक निश्चिंत होतात. पण आरसीडब्ल्यूएमध्ये हार्मोनिक्स (हिशेबात धरलेले फूरिये घटक) अगदी कमी घेतले तरी ती बेरीज १०० येते. ऊर्जा चुकीच्या ऑर्डरमध्ये वाटली गेलेली असली तरी. बेरीज चुकली तर नक्की गडबड आहे, पण बेरीज जुळली म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. खरी चाचणी म्हणजे हार्मोनिक्स ११, २१, ४१, ८१ असे वाढवत प्रत्येक ऑर्डर स्वतंत्रपणे स्थिरावते का ते पाहणं. काचेच्या ग्रेटिंगला टीईमध्ये ते लवकर जमतं. धातू आणि टीएम एकत्र आले की जुनी सूत्ररचना फार हळू स्थिरावते. १९९६ मध्ये लिफेंग ली यांनी त्यामागचं गणिती कारण स्पष्ट केलं आणि गुणाकाराचे योग्य नियम दिले. तुमच्या साधनात ते नियम आहेत का हे तपासा, आणि सेटिंगमध्ये पर्याय असेल तर चालू करा.

खाचेचा आकार वेडावाकडा असेल किंवा एका झटक्यात संपूर्ण स्पेक्ट्रम हवा असेल तर एफडीटीडी (जाळीवर मॅक्सवेलची समीकरणं काळाच्या छोट्या टप्प्यांनी सोडवणारी पद्धत) बरी पडते: मोफत मीप किंवा व्यावसायिक लुमेरिकल. खोक्याची रुंदी एक पिरियड, बाजूंना ब्लॉख सीमा (पिरियड पुन्हा-पुन्हा येतो असं धरणाऱ्या), वर-खाली शोषक पीएमएल थर. सर्वात जास्त अपवर्तनांकाच्या माध्यमात एका तरंगलांबीला किमान आठ-दहा जाळीबिंदू द्या आणि मग संख्या दुप्पट करून आकडे पुन्हा पाहा. एकदा ग्रेटिंगशिवाय चालवून आपाती ऊर्जा मोजून ठेवा. तिरप्या प्रकाशात ब्लॉख सीमा कोन नाही, तरंगसदिशाचा आडवा घटक स्थिर ठेवते, त्यामुळे एका धावेत वेगवेगळ्या तरंगलांब्या वेगवेगळ्या कोनात जातात. ठराविक कोनातला स्पेक्ट्रम हवा असेल तर तरंगलांबीगणिक वेगळी धाव घ्या.

स्पेक्ट्रममध्ये अचानक टोकदार उडी दिसली तर ती लगेच पुसून टाकू नका. १९०२ मध्ये वूड यांना खऱ्या ग्रेटिंगमध्ये अशाच उड्या दिसल्या होत्या. एखादी ऑर्डर पृष्ठभागाला घासून जाऊ लागते आणि नाहीशी होते, तेव्हा तिची ऊर्जा इतरांत वाटली जाते. रेले यांनी १९०७ मध्ये या तरंगलांब्यांचं स्थान सांगितलं. लंब प्रकाशासाठी ती जागा काढणं सोपं आहे: हवेच्या बाजूला पिरियड भागिले ऑर्डर, काचेच्या बाजूला त्याला अपवर्तनांकाने गुणायचं. आपल्या ग्रेटिंगसाठी दृश्य पट्ट्यात हवेतल्या तिसऱ्या आणि चौथ्या ऑर्डरच्या जागा ५५५.६ आणि ४१६.७ नॅनोमीटर, काचेत, अपवर्तनांक १.४५७ वरच स्थिर धरला तर, चौथी ६०७ च्या, पाचवी ४८६ च्या आणि सहावी ४०५ च्या आसपास. उडी यांपैकी एखाद्या जागी असेल तर बहुधा खरी आहे. तिथे तरंगलांबीचे टप्पे दाट करा. एफडीटीडी वापरत असाल तर पीएमएल जाड करा, कारण घासून जाणारा प्रकाश ते नीट शोषत नाही. उडी दुसरीकडे कुठे असेल तर आधी हार्मोनिक्स किंवा जाळी वाढवा, आणि ती जागा बदलते का ते पाहा.